हयातीचा दाखला

पौष वद्य एकादशीच्या आधीचे चार-पाच दिवस त्र्यंबक रस्ता आम्हा सातपूरकरांचा राहत नाही. निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेल्या दिंड्या नाशिककडून येतात आणि पपया नर्सरीचा चौक ओलांडून पिंपळगाव बहुल्याकडे सरकत राहतात. पहिल्या पाळीला निघालेले कामगार गाड्या कडेला घेऊन थांबतात. कुणी पाया पडतो, कुणी घड्याळ बघतो.

या गर्दीत एकटा कोण आहे, हे शोधायची मला खोड आहे. आजवर कुणी सापडला नाही. दिंडीला रांग असते, रांगेत ज्याची त्याची जागा असते, मुक्कामाला पंगत असते. एखादा म्हातारा मागे पडला तर चौघं मान वळवून बघतात. पण ज्यांच्या दर्शनाला हे सगळे निघालेले असतात, ते निवृत्तिनाथ मात्र लहानपणी याच डोंगरात घरच्यांपासून चुकले होते. आईवडील आणि भावंडांबरोबर ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा चालली होती, वाघ आडवा आला, पळापळ झाली आणि हा पोरगा एका गुहेत शिरला. तिथे त्याला गहिनीनाथ भेटले. पुढचं सगळं कथेत येतं. गुहेच्या तोंडापाशी पोहोचेपर्यंत त्या पोराच्या मनात काय चाललं होतं, ते मात्र कुणी सांगत नाही. मला त्या मधल्या वेळाचं कुतूहल आहे.

ते कुतूहल घेऊन मी श्रमिकनगरात आप्पांकडे गेलो. नाव छापू नका म्हणाले, म्हणून आप्पाच. मूळ खानदेशातले. तेहतीस वर्षं सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काढली, टर्नर म्हणून रिटायर झाले आणि पुढच्याच वर्षी कार्तिकी एकादशी झाल्यावर एकटे नर्मदा परिक्रमेला गेले. पाच महिने चालत होते. मुद्दाम मोबाईल घरी ठेवून गेले. नंबर पेन्शनला आणि बँकेला जोडलेला, त्यामुळे तो घरीच बरा, हे त्यांचं वरवरचं कारण. खरं कारण माईंनी सांगितलं. माई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या पोहे करता करता आतून म्हणाल्या, "त्यांना कुणी बोलवायलाच नको होतं."

परिक्रमेचे नियम बहुतेकांना ऐकून माहीत असतात. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र ओलांडायचं नाही, चातुर्मासात एका जागी थांबायचं, मिळेल ते सदावर्त किंवा भिक्षा खायची. परंपरेने हिशेब तीन वर्षं तीन महिने तेरा दिवसांचा. आता बहुतेक जण चार-सहा महिन्यांत उरकतात. नदीची लांबी १३१२ किलोमीटर. दोन्ही काठ आणि वळणं धरून चाल त्याच्या दुपटीच्या वर जाते. मराठी माणसाला या वाटेचं एवढं वेड का, याचं एक सोपं उत्तर पुस्तकांच्या दुकानात मिळतं. जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’नंतर ही वाट घरोघरी पोहोचली. भारती ठाकूर आमच्या नाशिकच्या. त्यांनी २००५-०६ मध्ये परिक्रमा केली, सोबत्यांसह, आणि पुस्तकाच्या नावात ‘अंतर्यात्रा’ हा शब्द घातला. त्यांच्याकडे मी नंतर येतो.

"पहिले पाच-सहा दिवस काही वाटलं नाही," आप्पा म्हणाले. "पायच बोलत होते. फोड, गुडघा, पाठ. मनाला बोलायला जागाच नव्हती. पाय गप झाले ना भाऊ, मग खरी गंमत सुरू झाली."

गंमत अशी, की त्यांना त्यांचा एक जुना सुपरवायझर भेटला. तो वारून बरीच वर्षं झालीत. पंचवीस वर्षांपूर्वी त्याने एक जॉब रिजेक्ट केला होता, चूक आप्पांची नव्हती आणि मेमो मात्र यांना मिळाला होता. आप्पा तो प्रसंग विसरले होते, निदान त्यांची तशी समजूत होती. बडवानीच्या अलीकडे तो मनात उगवला आणि तीन दिवस हटला नाही. "मी चालतोय, आजूबाजूला कापसाची शेतं, कुणी ‘नर्मदे हर’ म्हणतंय, मी पण म्हणतोय. आणि आत त्याच्याशी भांडतोय. मायक्रोमीटर दाखवतोय त्याला! तीन दिवस! शेवटी तो काही बोलेना, तेव्हा मला कळलं की दोन्ही बाजूंनी मीच बोलून राहिलो."

एकट्या प्रवासावर लिहिणारे बहुतेक जण शांततेबद्दल लिहितात. आप्पांचं म्हणणं उलटं आहे. गर्दीत माणसाला शांतता मिळते, कारण बाकीचे बोलत असतात. एकट्याच्या डोक्यात मात्र पूर्ण शॉप चालू असतं. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला एका रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं नुसतं विचार करत बसवायचं. करमणुकीला एकच वस्तू, दाबलं की विजेचा झटका देणारं बटण. हाच झटका टाळायला पैसे मोजू, असं ज्यांनी आधी सांगितलं होतं त्यांच्यातल्याच १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी बसल्या बसल्या तो स्वतःला देऊन घेतला. ही पंधरा मिनिटांची गोष्ट. आप्पांकडे पाच महिने होते आणि बटण नव्हतं.

दुसरा त्रास भिकेचा. हा शब्द त्यांचाच, मी ‘भिक्षा’ म्हणालो तर त्यांनी दुरुस्त केला. तेहतीस वर्षं महिन्याच्या महिन्याला पगार घेतलेला माणूस, ओव्हरटाइमची स्लिप तपासून घेणारा. तो एका गावात दारासमोर उभा राहिला आणि तोंडातून आवाजच फुटला नाही. तसाच पुढे गेला. दिवसभर उपाशी. संध्याकाळी एका बाईने हाक मारून बोलावलं, टिक्कड आणि डाळ वाढली, आणि हे जेवता जेवता रडायला लागले. "कशासाठी रडलो, आजही सांगता येणार नाही. ती बाई घाबरली. तिला वाटलं, डाळ तिखट झाली."

तिसरी गोष्ट त्यांनी आवाज खाली आणून सांगितली. शूलपाणीच्या झाडीत एका दुपारी त्यांना वाटलं, मागून कोणीतरी चालतंय. वळून बघितलं तर कुणी नाही. पण भीती वाटली नाही, बरंच वाटलं. दोन तास ते कोणीतरी मागे होतं. परिक्रमेच्या मराठी पुस्तकांत या जागी अश्वत्थामा भेटतो, किंवा मैया लहान मुलीच्या रूपात येऊन वाट दाखवते. आप्पा तसला दावा करत नाहीत. "कोण होतं?" विचारलं तर म्हणाले, "होतं."

जगभरच्या एकट्या माणसांनी हे ‘होतं’ लिहून ठेवलेलं आहे. बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम. तो १८९५ मध्ये निघाला आणि १८९८ मध्ये परतला. अझोर्स बेटांनंतर त्याचं पोट बिघडलं, तापात तो पडून राहिला, बाहेर वादळ. डोळे उघडले तर सुकाणूवर एक उंच खलाशी उभा. मी कोलंबसाच्या ‘पिंटा’ जहाजाचा वाटाड्या, काळजी करू नकोस, असं तो म्हणाला. सकाळी स्लोकम उठला तेव्हा बोट योग्य दिशेनेच चाललेली होती. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे ओलाफ ब्लांके यांच्या गटाने २०१४ मध्ये हा सोबती प्रयोगशाळेत तयार करून दाखवला. डोळे बांधलेला माणूस समोरचा यंत्राचा दांडा हलवतो आणि त्याच्या मागचं यंत्र त्याच्या पाठीला तसाच स्पर्श करतं, फक्त अर्धा सेकंद उशिरा. एवढ्याने काहींना मागे कोणीतरी उभं असल्याचं जाणवलं. दोघांनी तर प्रयोग थांबवायला लावला. स्वतःच्याच हालचालीची खबर मेंदूला उशिरा पोचली, की तो ती दुसऱ्याच्या नावावर टाकतो, असा त्याचा अर्थ लावतात. मी हे आप्पांना समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग ते यंत्र त्या लोकांना घाबरवत होतं. माझ्यामागचं तसं नव्हतं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परिक्रमा हा शब्द आपल्या नौदलानेही उचलला, हा मला नेहमी लक्षणीय वाटलेला योगायोग. भारतीयाने एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीला फेरी घालावी, हे निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांचं स्वप्न. फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिलेला, १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेला हा माणूस. मोहिमेचं नाव ‘सागर परिक्रमा’. बोट गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली, ५६ फुटांची, नाव ‘म्हादेई’. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाउन असे चार थांबे घेत १९ मे २०१० ला मुंबईत परतले. अशी फेरी मारणारे पहिले भारतीय. पुढे १ नोव्हेंबर २०१२ ला अभिलाष टॉमी त्याच बोटीतून निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ ला मुंबईत आले.

नर्मदेच्या काठी गाव तरी लागतं. दक्षिण महासागरात आठवडेच्या आठवडे काही लागत नाही. अशा जागी माणूस शाबूत कसा राहतो? खलाशांची वर्णनं वाचताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, ती म्हणजे काम. दोर झिजलाय का, शिडाची शिवण उसवलीय का, पाणी कुठून गळतंय. झोप तुकड्यातुकड्याने, गजर लावून. बोटीवर माणूस एक, पाळ्या तीन. आप्पांना हे सांगितल्यावर ते एकदम खुलले. त्यांनीही तेच केलं होतं. सुरुवातीला वाट फुटेल तसे चालायचे, त्यात मन फार भरकटायचं. मग त्यांनी दिवसाच्या पाळ्या पाडल्या. पहाटे साडेपाचला पहिली, अकराला सुट्टी. दुपारी कपडे आणि पाय, म्हणजे ‘मेंटेनन्स’. संध्याकाळी आरती. जुन्या भोंग्याची वेळ त्यांच्या हाडात होतीच. "कंपनीत असताना वाटायचं, या भोंग्यातून सुटलो की जिंकलो. तिकडे मीच माझा भोंगा झालो."

पण नुसत्या कामाने भागत नाही, हे डोनाल्ड क्रोहर्स्टच्या गोष्टीवरून कळतं. १९६८ ची ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत, एकट्याने, न थांबता, जगाला फेरी. क्रोहर्स्ट इंग्लंडमधला हौशी खलाशी आणि अडचणीत आलेला कारखानदार. ३१ ऑक्टोबर १९६८ ला तो निघाला. बोट अर्धीमुर्धी तयार. पुढे गेलो तर बुडणार, मागे फिरलो तर कर्जात बुडणार, हे त्याला लवकरच कळलं. मग तो अटलांटिकमध्येच घोटाळत राहिला आणि तारेने खोटे ठावठिकाणे कळवू लागला. खरी नोंदवही एक, खोटी दुसरी. कामाची कमतरता त्याला नव्हती. आकाशातले ग्रहतारे उलट्या गणिताने खोट्या जागेशी जुळवायचे, हे खऱ्या सागरभ्रमणाहून अवघड काम तो नेटाने करत होता. पण तो आहे कुठे, हे पृथ्वीवर एकाही माणसाला ठाऊक नव्हतं. शेवटी त्याच्या वहीत देव, काळ आणि बुद्धी यांच्यावरचं हजारो शब्दांचं लिखाण सुरू झालं. शेवटची नोंद १ जुलै १९६९ ची. १० जुलैला बोट रिकामी सापडली.

हीच शर्यत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ३१२ दिवसांत पुरी केली. जाण्याआधी आणि आल्यानंतर मनोविकारतज्ज्ञाने त्यांना तपासलं आणि दोन्ही वेळा सर्वसाधारण ठरवलं. बक्षिसाचे पाच हजार पौंड त्यांनी क्रोहर्स्टच्या बायकामुलांना देऊन टाकले. याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे २००६ मध्ये दोंदे शिकायला गेले होते.

क्रोहर्स्टला एकटेपणाने मारलं असं म्हणतात. मला ते पटत नाही. एकटे तर ते सगळेच होते. जगाला ठाऊक असलेला क्रोहर्स्ट आणि बोटीत बसलेला क्रोहर्स्ट हे दोघं वेगळे झाले आणि खऱ्याला ओळखणारं कुणी उरलं नाही, हे त्याचं दुखणं होतं. लांबच्या प्रवासाला गेलेल्या माणसाला रोज कुणाची सोबत लागत नाही. आपण कुठे आहोत आणि जिवंत आहोत, याचा खरा पत्ता मात्र कुठेतरी एका ठिकाणी लागतो. पेन्शनर लोकांच्या भाषेत, हयातीचा दाखला.

२१ सप्टेंबर २०१८ ला टॉमी पुन्हा एकटे होते, त्याच शर्यतीच्या नव्या आवृत्तीत, ‘थुरिया’ नावाच्या लहान बोटीवर. हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने बोट उलथली, डोलकाठी मोडली, पाठीच्या मणक्यांना जबर मार बसला. उठता येईना. नौदलाचं पी-८आय विमान बोटीवर घिरट्या घालायला लागलं तेव्हा त्यांनी आतून संकेतयंत्राचं बटण दाबून उत्तर दिलं. विमानातल्यांना एवढं पुरलं. माणूस आहे. तीन दिवसांनी एका फ्रेंच मच्छीमार गस्ती जहाजाने त्यांना उचललं. २०२२ मध्ये ते परत त्याच शर्यतीला उतरले आणि दुसरे आले. या भानगडीला काय म्हणायचं, मला माहीत नाही. माई म्हणाल्या, "वेड."

परतण्याबद्दल लोक कमी बोलतात. तो भाग वर्णनाला कंटाळवाणा असतो म्हणून असेल. फ्रेंच खलाशी बर्नार मोइतेसिए पहिल्या शर्यतीत जिंकायच्या बेतात होता. १९६९ च्या मार्चमध्ये त्याने केप टाउनपाशी एका जहाजावर गलोलीने चिठ्ठी फेकली, की मी येत नाही, पुढे जातो. घरी बायको वाट बघत होती. तो थेट ताहितीला गेला. त्याच्याकडे आत्म्याच्या शांतीची कारणं होती आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. वाट बघणाऱ्या बाईंविषयी फारसं कुणी लिहिलं नाही.

भारती ठाकूर परतल्या, पण वेगळ्या अर्थाने त्याही परतल्या नाहीत. परिक्रमेत काठावरची शाळा नसलेली पोरं त्यांनी पाहिली होती. काही वर्षांत त्या नोकरी सोडून पुन्हा नर्मदाकाठी गेल्या. खरगोन जिल्ह्यात लेपा गावी त्यांनी मुलांना शिकवायला सुरुवात केली आणि त्यातून ‘नर्मदालय’ उभं राहिलं. अंतर्यात्रा म्हणून निघालेली बाई दुसऱ्यांच्या पोरांच्या पाढ्यांपाशी पोचली, यात मला मोइतेसिएपेक्षा जास्त काही दिसतं. माझा पक्षपात समजा.

आप्पांना परतून श्रमिकनगरातच राहायचं होतं. तो काळ वाटेपेक्षा अवघड गेला, असं दोघंही म्हणतात. गादीवर झोप येईना. टीव्हीच्या आवाजाने चिडायचे. लोक भेटायला यायचे आणि एकच प्रश्न, काही चमत्कार दिसला का? सुपरवायझरशी तीन दिवस भांडलो, हे कुणाला सांगणार? "ते घरात होते," माई म्हणाल्या, "पण पाहुण्यासारखे. पाणीसुद्धा मागून प्यायचे. मी म्हटलं, अहो, हंडा तुमचाच आहे." अजूनही ते पहाटे साडेपाचला निघतात, बेळगाव ढग्यापर्यंत चालतात आणि आठच्या आत परत येतात.

माईंचे पाच महिने कसे गेले, हे मी फार उशिरा विचारलं. लेखकाची ही चूक नेहमीचीच. त्यांनी पोह्यांची ताटली पुढे सरकवली आणि ओटीपीची गोष्ट सांगितली.

आप्पा अधूनमधून कुणाच्या तरी फोनवरून घरी बोलायचे. समुद्र ओलांडून उत्तर तटाला लागल्यावर ते बंद झालं. बावीस दिवस काही नाही. जानेवारी संपत आला होता आणि पेन्शनच्या दाखल्याची मुदतही संपत होती. मुलगा म्हणाला, बाबा येतील तेव्हा बघू, महिना-दोन महिने थांबेल पेन्शन. माईंना पेन्शनची काळजी नव्हती. हयातीचा दाखला भरायचा राहिला, हे वाक्य त्यांना उच्चारवेना.

एका दुपारी आप्पांच्या मोबाईलवर अनोळखी नंबर वाजला. हिंदी बोलणारा पोरगा. "माताजी, ओटीपी आया होगा, बता दीजिए." माईंनी फोन कापला. कॉलनीत दोघांचे पैसे असेच गेले होते. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा त्यांनी त्याला ठेवणीतल्या अहिराणीत झाडलं. इकडे महेश्वरच्या एका सेवा केंद्रात आप्पा खुर्चीवर बसले होते आणि तो पोरगा फोन कानापासून लांब धरून हसत होता. आधीच त्याचा अर्धा तास गेला होता, कारण यंत्र आप्पांचा अंगठा घेत नव्हतं. तेहतीस वर्षं लोखंड आणि कुलंट हाताळून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या. एकेक बोट करत ते डाव्या करंगळीपर्यंत आले होते.

चौथ्यांदा फोन आला तेव्हा आप्पा स्वतः बोलले.

"मी बोलतोय."

"कशावरून?" माईंनी विचारलं.

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग आप्पा म्हणाले, "वरच्या फळीवर पत्र्याचा डबा आहे, त्यात माझे मेमो आहेत. तो रिजेक्शनचा काढून फाडून टाक."

माईंनी ओटीपीचे आकडे एकेक करून दोनदा सांगितले. पोरगा म्हणाला, हो गया माताजी. थोड्या वेळाने त्याच मोबाईलवर मेसेज आला, दाखला जमा झाल्याचा. इंग्रजीत होता. तो त्यांनी अजून पुसलेला नाही. मेमो फाडला का, असं विचारलं तर आप्पांकडे बघून म्हणाल्या, "शोधला. डब्यात नव्हताच."